वाचकांचे गाव आणि त्याचे गावकूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)

शेतमालाचे भाव, असंघटित कामगार, पाणीवाटप अशा विषयांच्या रांगेत अद्भुत कथांच्या वाचकांवरचे व्याख्यान पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वर्गाच्या संयोजकांनाही ते वाटले होते. तरीही मी हा विषय आग्रहाने घेतला, त्याला कारण आहे. आपल्या बैठकांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. तरुण मंडळी आपल्याकडे फिरकत नाहीत. मात्र मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या कॉमिक कॉनमध्ये कथेतल्या पात्रांचे वेश करून हजारोंनी जातात, आपल्या आवडत्या मालिकेवर रात्र-रात्र वाद घालतात, अनोळखी मुलामुलींना त्या एका आवडीच्या बळावर जिवलग मानतात. ही तक्रार करून झाली की कुणीतरी 'पलायनवाद' हा शब्द उच्चारतो आणि चर्चा तेथेच संपते.

हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. माणूस पळतो आहे असे म्हटल्यावर तो कशापासून पळतो आणि पळून कुठे जातो, हे दोन प्रश्न उरतातच. मार्क्सने धर्माला अफू म्हटले, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. त्याच परिच्छेदात त्याने पीडितांच्या दुःखाची जी दखल घेतली आहे, ती मात्र फारसे कुणी सांगत नाही. रंजक साहित्याच्या चाहत्यांच्या संघटित जगाकडे, म्हणजे ज्याला इंग्रजीत फॅन्डम म्हणतात त्याकडे, मी आज त्याच दृष्टीने पाहणार आहे. आधुनिक काळातले ते एक आश्रयस्थान आहे. त्यातले सर्वांत जुने, आणि ज्याचा इतिहास त्याच्याच रहिवाशांनी बारकाईने लिहून ठेवला आहे असे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील विज्ञानकथांच्या वाचकांचे. त्याचीच गोष्ट सांगतो.

या गावाची वसाहत एका व्यापाऱ्याने केली. ह्यूगो गर्न्सबॅक हा १९०४ साली लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला, विजेचे आणि रेडिओचे सुटे भाग विकणारा गृहस्थ. एप्रिल १९२६ मध्ये त्याने 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. स्वस्त, खरखरीत कागद, भडक मुखपृष्ठ, किंमत पंचवीस सेंट. पुढे त्यात वाचकांची पत्रे येऊ लागली आणि पत्रलेखकाचे नाव छापताना गर्न्सबॅक त्याचा पूर्ण पत्ताही छापी. एवढ्या एका साध्या गोष्टीने सारे घडले. शिकागोतील मुलाला कळले की कॅलिफोर्नियात आपल्यासारखाच एक वेडा आहे, आणि त्याने त्याला थेट पत्र टाकले. मासिकाचा मालक बाजूला राहिला आणि वाचक वाचकाशी बोलू लागला. १९३० च्या मे महिन्यात 'द कॉमेट' या नावाचे चाहत्यांनीच चाहत्यांसाठी काढलेले पत्रक निघाले. अशा पत्रकांना 'फॅन्झिन' हे नाव मिळाले ते १९४० साली. ते देणारा रसेल शोव्हने हा लहानपणीच ऐकू येईनासा झालेला तरुण होता, आणि बुद्धिबळात तो पुढे नामांकित झाला. सभेत बसून ज्याला कुणाचे बोलणे ऐकता आले नसते, त्याला कागदावरच्या या सभेत सर्वांच्या बरोबरीने बोलता येत होते. आश्रय या शब्दाचा अर्थ मला तरी या एका माणसावरून अधिक नीट उमगतो.

आता हा काळ ध्यानात घ्या. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढची दहा वर्षे अमेरिकेत महामंदी होती. या गावात राहायला आलेली मुले पंधरा ते वीस वर्षांची. त्यांपैकी अनेक स्थलांतरितांच्या, विशेषतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली. आयझॅक असिमोव्हचे आईबाप १९२३ साली रशियातून आले आणि ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचे दुकान चालवू लागले. दुकानात मासिकेही विकायला असत, पण मुलाने असला बाजारू मजकूर वाचू नये असा वडिलांचा दंडक होता. १९२९ साली गर्न्सबॅकच्या नव्या मासिकाच्या नावात 'सायन्स' हा शब्द होता. तो दाखवून मुलाने परवानगी मिळवली! लॉस एंजेलिसमध्ये रे ब्रॅडबरी नावाचा मुलगा शाळा संपल्यावर कॉलेजला जाण्याइतके पैसे नसल्यामुळे रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकत असे आणि दर गुरुवारी चाहत्यांच्या बैठकीला जात असे. ही बैठक क्लिफ्टन यांच्या खाणावळीत भरे. त्या खाणावळीचा नियमच होता की, जेवणाचे पैसे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावेत. ज्या काळात बापाला काम नाही, घरात भाड्याची चिंता आहे आणि आपले पुढे काय होणार याचे उत्तर कुणापाशीच नाही, त्या काळात भविष्यकाळाविषयी गंभीरपणे बोलणारी एक जागा या मुलांना सापडली. भविष्य हिरावले गेलेल्या पोरांनी भविष्यकथांचा क्लब काढावा, याला केवळ पलायन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक तुलना चटकन सुचेल. कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेला गिरणीकामगार गावकीच्या खोलीत उतरे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण, सारे एका गावचे. खानावळ ओळखीच्या बाईची, भजनी मंडळ गावचेच. शहराने ज्याला केवळ एक हजेरीक्रमांक म्हणून ओळखले, त्याला या खोलीत नाव होते. न्यूयॉर्कमधल्या 'फ्युचरियन' या चाहतेमंडळाने १९३८ नंतर ब्रुकलिनमध्ये अशाच सामाईक खोल्या केल्या. भाडे वाटून, पलंग वाटून, टंकलेखनयंत्र वाटून राहणे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की गावकीच्या खोलीत शिरायला जन्म त्या गावचा, बहुधा त्या जातीचा, लागे. आणि येथे कोणती पुस्तके वाचली आहेत एवढेच पाहिले जाई. जन्माने मिळणारा आश्रय आधुनिक शहरात विरत चालला की माणसे आवडीने मिळणारा आश्रय शोधतात. आश्रयाचा हा नवा प्रकार आहे तो या अर्थाने.

त्याचे अर्थशास्त्रही पाहण्यासारखे आहे. ही पत्रके हेक्टोग्राफवर नाहीतर सायक्लोस्टाईलवर काढली जात. शाईने काळे झालेले हात आणि स्टेन्सिल फाटल्याचा संताप या सभागृहातल्या ज्येष्ठांना नव्याने सांगायला नको. बहुतेक पत्रकांवर किंमत असली तरी खरा व्यवहार वेगळाच होता. आपले पत्रक पाठवा, लेख पाठवा किंवा वाचून सविस्तर पत्र लिहा, तेवढ्यावर अंक मिळे. पैसे देऊन गप्प बसणारा वाचक तेथे काहीसा कमी प्रतीचा मानला जाई. मेरीलंडमधील हॅगर्सटाऊन या गावचे हॅरी वॉर्नर हे स्थानिक वर्तमानपत्रातले नोकरदार. त्यांनी गाव जवळजवळ सोडले नाही. साठाहून अधिक वर्षे ते जगभरच्या पत्रकांना अभिप्रायाची पत्रे लिहीत राहिले. २००३ मध्ये ते वारले तोवर ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते अशी कितीतरी माणसे त्यांना जवळचे स्नेही मानत होती. बाजारभावाने मोजायचे तर या साऱ्या श्रमाची किंमत शून्य. बाजाराच्या मधोमध बिनबाजारी व्यवहाराचा असा एक पट्टा माणसे स्वतःहून तयार करतात, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी दुर्लक्षू नये.

पण गाव वसवणारा व्यापारी होता हे विसरू नका. १९३४ साली गर्न्सबॅकने चाहत्यांची 'सायन्स फिक्शन लीग' काढली. शाखा, बोधचिन्ह, सभासदपत्र, सारे काही होते आणि त्यामागे मासिकाचा खप वाढवण्याचा हिशेबही होता. त्याच वर्षीच्या जानेवारीच्या अंकात डोनाल्ड वोलहाइम या एकोणीस वर्षांच्या मुलाची पहिली कथा छापून आली होती. मोबदला दहा डॉलर. तो मिळेना. वोलहाइमने इतर नव्या लेखकांना पत्रे लिहून विचारले. त्यांतल्या अनेकांचेही पैसे थकले होते. त्यांनी मिळून वकील गाठला आणि शेवटी ७५ डॉलरांवर तडजोड झाली. १९३५ साली वोलहाइमला लीगमधून काढून टाकण्यात आले; कारण दिले की तो संघटनेत बिघाड करतो! थकलेली मजुरी मागणाऱ्याला फितूर ठरवण्याची ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, पत्ते छापणाऱ्या मालकाविरुद्ध लढताना वोलहाइमला उपयोगी पडली ती पत्रव्यवहाराचीच सवय. मालकाने खपासाठी जे जाळे विणले, त्याच जाळ्यातून मजुरीची मागणी फिरली.

हाच वोलहाइम आणि त्याचा मित्र जॉन मिशेल यांनी पुढे या गावात राजकारण आणले. ऑक्टोबर १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात मिशेलचे भाषण वोलहाइमने वाचून दाखवले. मिशेल अडखळत बोलत असे. स्पेनमध्ये यादवी पेटली होती, हिटलर सत्तेवर होता. विज्ञानकथेच्या वाचकांनी केवळ रॉकेटांची स्वप्ने पाहू नयेत, फॅसिझमविरुद्ध उभे राहावे आणि शास्त्रीय समाजवादी जगासाठी काम करावे, असा त्याचा आशय. ठराव नापास झाला. मंडळींना वाटले, आम्ही येथे बाहेरचे जग विसरायला येतो आणि हे तेच जग दारातून आत ढकलत आहेत. मिशेल आणि त्याचे मित्र साम्यवादी पक्षाच्या वर्तुळातले होते. पक्षाची शिस्त त्यांच्या भाषेत उतरली होती आणि ती भाषा श्रोत्यांना टोचली. माझ्या मते ठरावातील चिंता खरी होती, त्याची रीत चुकीची होती. आश्रयाला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी मोर्चाचे फलक हाती दिले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आपल्या कितीतरी युवक मंडळांचे हेच झाले आहे.

दोन वर्षांनी सूड उगवला गेला. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने चाहत्यांचे पहिले 'जागतिक' संमेलन भरले. सुमारे दोनशे जण आले. संयोजक प्रतिस्पर्धी गटाचे होते. संयोजकांच्या हुकूमशाहीपासून सावध राहा, असे सांगणारे एक पत्रक सभागृहात सापडले आणि वोलहाइम, मिशेल, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ, रॉबर्ट लाउंडीस, जॅक गिलेस्पी या सहा फ्युचरियनांना दारातच अडवण्यात आले. गंमत अशी की पत्रक छापणारा डेव्हिड काइल आत बसला होता! असिमोव्हलाही आत जाऊ दिले गेले. बाहेर उभ्या असलेल्यांत पुढच्या तीस वर्षांच्या अमेरिकन विज्ञानकथेचे काही महत्त्वाचे लेखक, संपादक आणि प्रकाशक होते. त्यांतल्याच पोल आणि कॉर्नब्लूथ यांनी १९५३ साली 'द स्पेस मर्चंट्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने आणली. जाहिरात कंपन्यांनीच जगाचा कारभार ताब्यात घेतल्याची ती कथा आहे आणि आजही ती वाचताना अंगावर काटा येतो. फिलाडेल्फियाच्या ठरावाने जे साधले नाही ते या कादंबरीने साधले, असे मी म्हणेन.

आणि हे फ्युचरियन तरी एकत्र राहिले काय? १९४५ साली त्यांच्यातल्या काहींनी वोलहाइम आणि मिशेल यांनाच मंडळातून काढले. वोलहाइमने बदनामीचा दावा लावला आणि मंडळ संपले. फुटींच्या बाबतीत आपण दुसऱ्यांना हसू नये, एवढेच म्हणतो.

याच सुमारास आश्रयाचे रूपांतर ज्ञातीत होऊ लागल्याची चिन्हे दिसतात. १९४० च्या अखेरच्या महिन्यांत 'अस्टाउंडिंग' मासिकात व्हॅन व्होग्ट यांची 'स्लॅन' ही कादंबरी क्रमशः आली. स्लॅन म्हणजे माणसांहून बुद्धीने श्रेष्ठ, म्हणूनच माणसांनी हाकलून मारलेली एक जात. शाळेत टवाळी सहन केलेल्या वाचकाला हे आपलेच चित्र वाटले. 'चाहते म्हणजे स्लॅन' अशी घोषणाच रूढ झाली, अर्धी थट्टेने, अर्धी मनापासून. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे १९४३ मध्ये काही जणांनी एक सामाईक घर केले आणि त्याचे नाव ठेवले 'स्लॅन शॅक'. केवळ चाहत्यांचीच वस्ती उभारावी, असेही बेत झाले. इंडियानातील एका तरुणाने तर चाहते ही मानवाची नवी, श्रेष्ठ जात आहे असा प्रचार करीत देशभर भ्रमण केले. बहुतेकांनी त्याची टर उडवली, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण. पण बीज त्यांच्याच जमिनीतले होते. अपमान सोसलेल्याला 'तू कमी नाहीस' हे सांगणे आणि 'तू वरचा आहेस' हे सांगणे यांत अंतर थोडे दिसते. सारा घात त्या थोड्या अंतरात होतो.

भाषेचेही तसेच. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत ठेवले. त्यात संरक्षण होते, पण त्यामुळे ते शतकानुशतके बाहेरच्यांपासून दूर राहिले. या मंडळींनीही आपली बोली रचली. बाहेरच्या माणसाला ते 'मंडेन', म्हणजे निव्वळ संसारी, म्हणत. चाहतेपण ही जीवनपद्धती आहे असे मानणारे आणि तो फक्त एक छंद आहे असे मानणारे, असे दोन पंथ झाले. दोघांच्या घोषणांची आद्याक्षरी नावे झाली. यातला 'गाफिया' हा शब्द मला फार बोलका वाटतो. 'या साऱ्यापासून दूर जाणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. आरंभी त्याचा अर्थ होता संसाराच्या कटकटीपासून दूर, म्हणजे चाहत्यांच्या जगात जाणे. काही वर्षांत तो नेमका उलटला: चाहत्यांच्या जगाच्या कटकटीपासून दूर, म्हणजे संसारात परत जाणे! ज्या मठात शांतीसाठी जावे त्याच मठातून शांतीसाठी पळावे लागावे, ही हकीकत त्या एका शब्दात आहे.

एक सुखद उदाहरण सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या. तेथे वॉल्ट विलिस या सरकारी नोकराच्या घरी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चाहत्यांचा अड्डा जमू लागला. विलिस आणि बॉब शॉ प्रॉटेस्टंट, जेम्स व्हाइट कॅथलिक. व्हाइट कापडचोपडाच्या दुकानात नोकरी करणारा. हाताने खिळे जुळवून ते पत्रक छापीत. विलिसचे लेख वाचून खूश झालेल्या अमेरिकन चाहत्यांनी वर्गणी काढून १९५२ साली त्याला शिकागोच्या संमेलनाला बोलावून घेतले. पुढे यातूनच दोन्ही खंडांतील चाहत्यांनी एकमेकांकडे पाहुणे पाठवण्याचा कायमचा निधी उभा राहिला. जेम्स व्हाइटने १९५७ पासून एका अंतराळातील रुग्णालयाच्या कथा लिहिल्या. नाना ग्रहांवरचे, नाना देहांचे रुग्ण आणि त्यांच्यावर उपचार करणारे तितक्याच नाना तऱ्हांचे डॉक्टर. त्यात शूर सेनापती नाही, दिग्विजय नाही. बेलफास्टच्या माणसाने हे लिहावे, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. विलिसच्या घरी कुणी कुणाला धर्म सोडायला सांगितला नाही, ऐक्याचा ठरावही केला नाही. तेथे एकत्र बसून खिळे जुळवण्याचे काम होते.

आता काळोखी बाजू. ती टाळून मला हे व्याख्यान पुरे करता येणार नाही. वॉल्टर ब्रीन हा नाण्यांचा नामांकित अभ्यासक आणि कॅलिफोर्नियातील चाहत्यांमध्ये वावरणारा प्रतिष्ठित मनुष्य. लहान मुलांशी त्याचे वागणे कसे आहे हे अनेकांनी स्वतःच्या घरांत, उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. १९६४ साली ओकलंडच्या जागतिक संमेलनाच्या समितीने त्याला प्रवेश नाकारला आणि त्याची कारणे लेखी कळवली. त्यावर या गावात जो गदारोळ झाला तो ब्रीनविरुद्ध कमी, समितीविरुद्धच अधिक! एखाद्याच्या खासगी आयुष्यात डोकावणारे तुम्ही कोण, आपण सारेच बाहेरच्या जगाने हिणवलेले, आपणच आपल्या माणसाला बाहेर काढायचे काय, असे युक्तिवाद सुशिक्षित, उदारमतवादी माणसांनी केले. मैत्री तुटल्या, गट पडले. ब्रीन त्या वर्तुळात वावरतच राहिला. अखेर कायद्याने तो दोषी ठरला आणि १९९३ मध्ये तुरुंगात मेला. त्याची पत्नी मेरियन झिमर ब्रॅडली ही विख्यात लेखिका. तिच्यावरही तसेच आरोप २०१४ साली तिच्याच मुलीने जाहीरपणे केले.

मित्रहो, ही अमेरिकेतील विकृती म्हणून बाजूला सारू नका. १९६४ साली समितीला विरोध करणारी माणसे दुष्ट नव्हती. ज्या जागेने आपल्याला सावली दिली तिच्याविरुद्ध साक्ष देणे त्यांच्या जिवावर आले. 'आपल्यातलाच आहे', 'बाहेर कळले तर शत्रूला आयते कोलीत मिळेल', ही वाक्ये मी आश्रमांत ऐकली आहेत, शिक्षणसंस्थांत ऐकली आहेत आणि परिवर्तनवादी चळवळींतही ऐकली आहेत. ज्या मुलांना वाचवायचे ती त्या वादात कुठेच नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारे तर फारच थोडे. आश्रय जितका ऊबदार, तितकी त्याच्या आतल्या अन्यायाविरुद्ध बोलण्याची किंमत जास्त. चाहत्यांच्या जगाला ही किंमत मोजायला पन्नास वर्षे लागली. आपल्या संस्थांत ती कुणी मोजली, हा प्रश्न मी येथे मांडून ठेवतो. चहाच्या वेळी त्यावर बोलू.

गावकुसाचे काय? केवळ वाचन पाहिले जाते असे मी मघाशी म्हणालो. तत्त्वतः ते खरेच होते. प्रत्यक्षात गाव जवळजवळ सारे गोऱ्या पुरुषांचे होते. सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने लिहून ठेवले आहे की, 'नोव्हा' ही त्यांची कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी, 'अस्टाउंडिंग'चे नामवंत संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती मासिकासाठी नाकारली. कारण असे की, कादंबरीचा नायक काळा आहे आणि वाचकांना तो आपलासा वाटणार नाही. लाखो मैलांवरचा हिरवा प्राणी चालतो, शेजारच्या वस्तीतला माणूस चालत नाही! बायकांनी आपली वस्ती बरीचशी वेगळीच उभारली. १९६६ ते १९६९ या काळात दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' मालिका चालली. तिच्या चाहत्यांची पत्रके, कथा, संमेलने प्रामुख्याने स्त्रियांनी चालवली आणि जुन्या गावकऱ्यांनी बराच काळ त्यांच्याकडे नाके मुरडून पाहिले.

दार पुढे किलकिले झाले, तेव्हा आत बसलेल्यांपैकी काहींना गाव बुडाले असे वाटले. चाहत्यांच्या मतांनी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत (नाव त्या गर्न्सबॅकवरूनच) २०१५ साली एका गटाने ठरवून मते टाकली आणि नामांकनांच्या याद्या भरून काढल्या. तक्रार अशी की स्त्रिया आणि गौरेतर लेखक यांना गुणवत्तेवाचून पुढे आणले जात आहे. राखीव जागांविरुद्धचे युक्तिवाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे शब्द परके वाटणार नाहीत. मतदारांनी पाच विभागांत 'कोणालाच पुरस्कार नको' असा कौल दिला. पुढच्या तीन वर्षांत, २०१६ ते २०१८, उत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार सलग तीनदा एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला मिळाला. म्हणजे सारे ठीक झाले, असे मात्र नाही. २०२३ साली संमेलन चीनमधील चेंगडू येथे झाले आणि पुढील वर्षी मतांचे आकडे बाहेर आले. तेव्हा दिसले की मते मिळूनही काही लेखक आणि पुस्तके अपात्र ठरवली गेली होती. मग पत्रव्यवहार फुटला. पाश्चात्त्य व्यवस्थापकांनीच लेखकांच्या राजकीय मतांची टिपणे काढली होती, असे त्यातून उघड झाले. सेन्सॉर दारावर येण्याची वाट कुणी पाहिली नाही.

आपल्याकडे विज्ञानकथेने दुसरी वाट धरली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक निघाले जयंत नारळीकर. विज्ञानप्रसाराच्या संस्थेने हा प्रकार आपल्याकडे वाढवला. आपल्या तरुणांनी आता जे गट केले आहेत त्यांना हा वारसा ठाऊक आहे की नाही, सांगता येत नाही. त्यांच्या गटांवर चित्रपट आणि खेळ तयार करणाऱ्या प्रचंड कंपन्यांची नजर आहे. गर्न्सबॅकला जे लीग काढून जमवावे लागले ते आज चाहते आपण होऊन, फुकट करून देतात. जाहिरात करतात, भाषांतरे करतात, वेश शिवतात. वोलहाइमच्या दहा डॉलरांचा प्रश्न तेथे कुणीतरी विचारायला हवा. तो विचारण्याचा अधिकार मात्र त्यांच्यात राहणाऱ्यालाच येतो, बाहेरून 'पलायनवादी' म्हणून ओरडणाऱ्याला येत नाही.

शेवटी ज्युडिथ मेरिल यांच्याविषयी. जन्म १९२३. तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी, फ्युचरियनांच्या त्या सामाईक खोल्यांत वावरलेल्या, लेखिका आणि साक्षेपी संपादक. १९६८ साली त्यांनी आणि केट विल्हेल्म यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विज्ञानकथालेखकांच्या सह्या गोळा केल्या. लगेच युद्धाच्या बाजूच्या लेखकांनीही सह्या जमवल्या. 'गॅलक्सी' मासिकाच्या जूनच्या अंकात दोन्ही याद्या समोरासमोरच्या पानांवर जाहिरात म्हणून छापल्या गेल्या. एका पानावर असिमोव्ह, ब्रॅडबरी, ल ग्विन, डिलेनी. दुसऱ्यावर हाइनलाइन आणि कॅम्पबेल. संपादक होते फ्रेडरिक पोल, १९३९ साली दारात अडवलेल्या सहांपैकी एक. एकाच गावातली माणसे किती वेगळ्या जगांत राहत होती हे त्या दोन पानांनी दाखवले. त्याच वर्षी शिकागोत पोलिसांनी युद्धविरोधकांना झोडपलेले मेरिल यांनी पाहिले आणि त्या अमेरिका सोडून कॅनडात टोरांटोला गेल्या. युद्धाला नकार देऊन सरहद्द ओलांडणाऱ्या तरुणांची तेथे सोय लावण्यात त्या गुंतल्या. १९७० मध्ये त्यांनी आपला हजारो पुस्तकांचा आणि मासिकांचा संग्रह टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला. त्या १९९७ मध्ये वारल्या. तो संग्रह आता त्यांच्या नावाने कॉलेज स्ट्रीटवरील शाखेत आहे. गर्न्सबॅकच्या काळातील पिवळी पडलेली मासिके आणि सायक्लोस्टाईलवरची पत्रके तेथे जपलेली आहेत. रस्त्यावरून जाणारा कुणीही आत जाऊन ती मागू शकतो. त्याने आधी काय वाचले आहे, हे त्याला कुणी विचारत नाही.